कोराचा स्कर्ट

सन १८९६, मे महिना. कोरा थेअरने धावपट्टीच्या रेघेवर उभं राहून स्कर्टचे बंद सोडले आणि तिच्या आईने डोळे घट्ट मिटून घेतले.

अमेरिकेतल्या हडसन नदीकाठच्या त्या मुलींच्या कॉलेजात शर्यतींचा रिवाजच तसा होता. पुरुषांना कुंपणाच्या आत मज्जाव. मुलीने रेघेपर्यंत लांब स्कर्टमध्ये यायचं आणि तिथे तो उतरवायचा. आत गुडघ्याखाली बांधलेला ढगळ चोळणा आणि काळे मोजे. मैत्रिणीने तो स्कर्ट घेऊन आधीच पलीकडच्या टोकाला जाऊन थांबायचं आणि मुलगी पोचली रे पोचली की तिला झाकून टाकायचं.

लुसिंडा थेअरला यातलं काही ठाऊक नव्हतं. चर्चच्या डीकनची पोर चोळणा घालून पळते, एवढी बातमी व्हरमाँटमधल्या तिच्या गावी पोचली होती, आणि ती लेकीला घरी न्यायला आली होती. कोराची ट्रंक स्टेशनवर जाऊन पडलीसुद्धा होती. "एवढी एक शर्यत धावू दे, आई," म्हणून कोरा रडली, तेव्हा निघणं संध्याकाळच्या गाडीवर गेलं. त्यानंतर कॉलेज कायमचं बंद.

मैत्रीण स्कर्ट घ्यायला वाकली, तोच लुसिंडाने तो उचलला.

"दे इकडे. माझ्या पोरीची अब्रू मी सांभाळते."

"अहो बाई, पण तुम्हाला तिकडे टोकाला..."

"मला शिकवू नकोस!"

ती स्कर्ट पसरून कोराच्या बाजूलाच उभी राहिली. "अजून वेळ गेली नाही. घाल परत."

"आई, सरक ना! पिस्तूल सुटेल."

सुटलंच. पाच मुली उधळल्या. लुसिंडा जागच्या जागी खिळली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: लेक आता तिकडे पोचणार, सगळ्यांसमोर तशीच उभी राहणार, आणि स्कर्ट मात्र इकडे!

तिने एका हाताने आपला झगा गुडघ्यापर्यंत वर धरला, दुसऱ्या काखेत कोराचा स्कर्ट दाबला आणि दोरीच्या कडेकडेने धूम ठोकली. टोपी उडाली. केसांचे आकडे गळाले. पोरी किंचाळायला लागल्या, "काकू आल्या! काकू, पळा!"

कोरा सगळ्यांच्या पुढे होती. ओरडा ऐकून तिने मान वळवली. शेजारून आई येत होती. तिला हसू फुटलं, पाय अडखळला, आणि मिनर्व्हा गॉस वीतभर पुढे निघून गेली.

लुसिंडा धापा टाकत पोचली तेव्हा तीन मुली अजून मागून येत होत्या. तिने कोराच्या कमरेला स्कर्ट गुंडाळला, बंद करकचून आवळले आणि कडाडली, "मूर्ख कुठली! धावताना मागे बघतात का? जिंकलेली शर्यत घालवलीस! पुढच्या वर्षी असं केलंस तर खबरदार!"

कोरा तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "पुढच्या वर्षी?"

लुसिंडाने केस सारखे केले. "आधी माझी टोपी शोध. आणि ती ट्रंक परत आणायला सांग कुणाला तरी."

मिनर्व्हा गॉस पुढे ओहायोत डॉक्टर झाली. कोरा पुढच्या वर्षी जिंकली, आणि नंतर तीस वर्षं मुलींना धावायला शिकवत राहिली. डीकनसाहेबांनी रागाने बायकोशी महिनाभर अबोला धरला. तो महिना आपल्या आयुष्यातला सगळ्यात निवांत, असं लुसिंडा म्हणे. ती चांगली ऐंशीच्या पुढे जगली. घरी पाहुणा आला की ती खुर्चीत ताठ बसून सांगायची, "आम्ही मायलेकी एकाच शर्यतीत धावलो. तिचा दुसरा नंबर आला, माझा तिसरा. पण तिच्यापाशी ओझं नव्हतं."