शेंड्याचा जोर

थोरल्यानं बंगळूरहून विलायती कोबीचं बी पाठवलं. चांगुणाबाईनं बसवकल्याणच्या घरामागं, मोरीच्या पाण्यावर चार रोपं जगवली. शेंड्याला मोठा गड्डा धरावा म्हणून दांड्यावर फुटणारे बारके कोंब ती रोज खुडून शेळीला घालायची. माघ सरला, तरी गड्डा धरला नाही.

सुट्टीला आलेल्या थोरल्यानं कपाळाला हात लावला. "माय, ते बारके कोंबच खायचे असतात. शेंड्याला काही येत नसतं."

चांगुणाबाईनं शेळीपुढचे कोंब मागं ओढले. "मला वाटलं, बारके खुडले की सगळा जोर शेंड्याला जातो."

मोरीपाशी भांडी घासणाऱ्या धाकट्या शेवंतानं मानही वर केली नाही.

"दादाच्या शाळेपायी मला चौथीतनं काढलीस, तवाबी तुला असंच वाटलं व्हतं, माय."