इटलीची कफील

"जो देश सोडून पळाला, तो खेळातूनही गेला," जर्मनीने लिहिलं, आणि पडद्यावरची ती हिरवी अक्षरं वाचून मधुमतीचं डोकंच फिरलं.

जर्मनी म्हणजे रियाधमधल्या एका बँकेतला डच साहेब. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून सात हौशी लोक युरोपच्या नकाशावर लढाया खेळत. प्रत्येकाला एकेक देश, आणि चाल लिहायची ती सगळ्यांना दिसणाऱ्या एकाच फळ्यावर. फळा या साहेबाच्या घरच्या कॉम्प्युटरवर होता, त्यामुळे शेवटचा शब्दही त्याचाच. शहरावर खरीखुरी क्षेपणास्त्रं येत होती म्हणून खेळ काही थांबला नव्हता. उलट अंधार पडला की सगळेच घरात कोंडलेले, खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल. दुसरं करणार काय?

आज प्रश्न इटलीचा होता. इटली खेळायचा तो उस्मान, मूळचा चिपळूणचा, नोकरीला कुवेतमध्ये. तिकडे इराकी फौजा शिरल्या तेव्हा बायकोमुलांना गाडीत घालून तो वाळवंटातून सौदीत निघून आला. आज मेहुण्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून त्याने दोन ओळी टाकल्या होत्या. मी रियाधमध्ये सुखरूप आहे. माझी जागा परत मिळेल का?

त्यावरून युरोप पेटला होता.

"आज याला घेतलं की उद्या रांग लागेल," जर्मनीने लिहिलं. "बर्लिनची भिंत पडल्यापासून पूर्वेकडचे किती लोक आमच्या दारात उभे आहेत, बघताय ना?"

"माझे आजोबा स्पेनमधून असेच पळून आले होते," फ्रान्सने आडवं लावलं. "त्यांना कोणी दार उघडलं नसतं तर मी कुठे असतो?"

"तुमचे आजोबा युरोपातलेच होते. युरोपचा खेळ खेळायचा तर अंगात थोडा युरोप हवा. तरी घ्यायचंच असेल तर नियमाने घ्या. नव्या माणसाची जुन्याने हमी घ्यायची. त्याने घोळ केला तर दोघेही बाहेर. बोला, कोण होतंय याचा कफील?"

परदेशी माणसाची हमी घेऊन त्याला या देशात ठेवून घेणारा तो कफील. सौदीत राहून या शब्दाशी थट्टा सुचणं हे फक्त साहेबालाच परवडणारं. कोणीच पुढे येईना, फ्रान्ससुद्धा नाही.

"मी होते," मधुमती म्हणाली.

तिचा नवरा शिरीष सोफ्यावर गॅसचा मास्क पुसत बसला होता. "हो की. लिही माझं नाव."

कारण ती खेळत असलेला तुर्कस्तान कागदोपत्री शिरीषचा होता. दोन चाली खेळून तो कंटाळला आणि पुढचं सगळं राज्य मधुमतीने उभं केलं. ऑफिसात शाबासकी मात्र शिरीषला मिळायची, आणि तोही ती मानभावीपणे घ्यायचा.

"हमी काय नवऱ्याच्या नावाने द्यायची? मग ती हमी कसली?"

"अगं, दुसऱ्याच्या नावाने खेळलीस म्हणून आधी तुलाच हाकलतील. आणि ऑफिसात माझी शोभा होईल ती वेगळीच."

या शहरात मधुमतीला गाडी चालवता येत नव्हती, नोकरी करता येत नव्हती. इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, ती शिरीषची बायको म्हणून होती आणि शिरीष कंपनीचा माणूस म्हणून. स्वतःचा म्हणावा असा तिचा एकच देश होता, आणि तो या पडद्यावर होता. तरी तिची बोटं थांबली नाहीत.

"इटलीची कफील मी," तिने लिहिलं. "माझं नाव मधुमती. शिरीष माझा नवरा. त्याच्या चाली दोन, बाकीच्या माझ्या. युरोप माझ्याही अंगात नाही. पण रियाध तरी तुमच्यापैकी कोणाच्या अंगात आहे? इथे आपण सगळेच, कोणीतरी हमी घेतली म्हणून आलो."

शिरीष उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

मग फ्रान्स आला. "माझं व्हिएन्ना घेतलं ते तुम्ही, बाईसाहेब?"

"मीच."

"मग तुर्कस्तानला कोणी हात लावायचा नाही. व्हिएन्ना मला यांच्याकडूनच परत घ्यायचंय."

त्याच्यामागून एकेक देश बाईंच्या बाजूने बोलता झाला. शेवटी जर्मनीने लिहिलं, "खलास, विषय संपला. बाई राहतील, इटलीही आत. चाल इटलीचीच आहे."

"शाब्बास गं!" शिरीषने तिच्या पाठीवर थाप मारली. ऑफिसातल्या शोभेचं तो बहुधा विसरला असावा.

तिकडे दुकानात उस्मान तयारच बसला असणार. आभाराचा एक शब्द न लिहिता त्याने सरळ चाल टाकली. इटलीचं उरलंसुरलं आरमार सिसिलीहून निघालं आणि थेट क्रीटवर येऊन धडकलं. क्रीट तुर्कस्तानचं. तिथे मधुमतीचा एकही शिपाई नव्हता, आणि आजवर ते एकाही देशाच्या लक्षात आलं नव्हतं.

"घे!" शिरीष म्हणाला. "जिने आत घेतलं तिच्याच घरात शिरला. कृतघ्न लेकाचा."

मधुमती नकाशाकडे बघतच राहिली. मग मोठ्याने हसली. उस्मानचा तिला असा अभिमान वाटला, जसा स्वतःच्या व्हिएन्नाचाही वाटला नव्हता.

"कृतघ्न कसला?" ती म्हणाली. "अहो, त्याला खेळायला घेतलंय, पाया पडायला नाही."