कोंडी

संगणकाच्या पोटात दोन कामं एकेक कुलूप धरून बसली आणि दुसऱ्याचं सुटायची वाट बघत राहिली, की अख्खं यंत्र ठप्प. ही कोंडी सोडवणारा कोड भाऊजींनी लिहिला आणि त्याच ऑफिसातल्या त्यांच्या मेहुण्यानेही लिहिला. ज्याचा आधी चालेल तो विभागप्रमुख. चाचणीच्या खोलीची किल्ली भाऊजींच्या खिशात होती, यंत्राची वायर मेहुण्याच्या बॅगेत.

"आधी वायर दे," भाऊजी म्हणाले. हा पठ्ठ्या पत्त्यांत पान लपवतो, हे ते वीस वर्षं बघत होते.

"आधी किल्ली, भाऊजी. ताईपेक्षा मी तुम्हाला जास्त ओळखतो."

असे तीन दिवस गेल्यावर विभागप्रमुख नेमणाऱ्या मॅडम स्वतः आल्या. "कोंडी झाली की तुमचा कोड करतो तरी काय?"

"दोघांतल्या एकाला काढून टाकतो!" दोघंही एका सुरात म्हणाले.

"कुणाला?"

"ज्याचं काम कमी झालंय त्याला."

मॅडम नुसत्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या.


किल्ली आणि वायर टेबलावर एकदमच येऊन पडल्या; किल्ली जरा आधी पडली, असं भाऊजींचं अजूनही म्हणणं आहे.