जांभळा दिवा

वाळवंटातल्या प्राण्यांवर आमच्या घरच्या मंडळींनी नाटक बसवलं होतं. विंचू झाली होती धाकटी बहीण. खरा विंचू जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो, म्हणून तिच्या पोशाखाला चमकता रंग लावायचं काम माझ्याकडे होतं. पण मी पक्का आळशी. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता रंगीत तालीम उजाडली आणि रंगाचा डबा उघडलाही नव्हता.

म्हटलं, निदान दिव्याची जागा तरी बघू. दिवा लावला, तर रंगमंचावर विंचू हिरवागार उभा.

"रंग कुणी लावला गं?" मी मागून विचारलं.

"कसला रंग, दादा? पोशाख खुंटीवरच आहे की."

मी रंगमंचावर चढलो. बहीण घरच्याच कपड्यांत होती. चेहरा, गळा, बोटं, सगळं हिरवं. शेजारी त्याच उजेडात माझे हात मात्र काळेच दिसत होते.

"असा काय बघतोस? तोंडाला काही लागलंय का?"

"आई, इकडे ये लवकर!" मी ओरडलो.

आई विंगेतून आली, पण उजेडाच्या कडेशीच थांबली. एवढ्या उकाड्यात तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली, हात आत लपवले.

"आधी तो दिवा बंद कर," ती म्हणाली.