डोक्याचं माप

लोखंडी चिमट्याची वाकडी टोकं कानशिलांना टेकली, तरी मुंजाबा हलला नाही. वाळूजच्या माळावर कारखान्यांची कुंपणं पडली होती, मेंढरांना चरायला जागा उरली नव्हती. ज्यांचं कुरण गेलं त्यांच्या पोरांना कंपनी कामाला घेणार, अशी आवई धनगरवाड्यावर उठली होती. तेव्हा जीपमधून उतरलेला हा बूटवाला कंपनीचाच, याबद्दल मुंजाबाला काडीचीही शंका नव्हती. पोलिसात छाती मोजून घेतात, कंपनीत डोकं लागत असेल.

खरं तर हा बूटवाला, काकासाहेब, विद्यापीठातला संशोधक. नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ पुन्हा बंद पडलं होतं, प्रबंध रखडला होता, आणि उन्हात डोकी मोजून तोही पार विटला होता.

"नाकबी मोजता व्हय?" मुंजाबानं विचारलं.

"नाकही," काकासाहेब आकडा लिहीत म्हणाला.

मुंजाबानं लेकाला पुढं ढकललं. "आता ह्या भिकनचं घ्या, सायेब. माझं म्हातारं डोकं काय कामाचं? ह्याचं तरणं हाय."

भिकननं चुलतभावाचा सदरा मागून घातला होता. गळ्यापर्यंत बटणं लावून, श्वास रोखून तो उभा राहिला. त्याच्या डोक्याचं माप झालं, नाकाचं झालं, उंचीचं झालं.

"झालं. जा आता."

"कवापासून यायचं मंग ह्यानं?"

"कुठं?"

"कंपनीत."

काकासाहेबानं चिमटा खाली ठेवला. हे सगळं समजावून सांगायचं त्याच्या अगदी जिवावर आलं. "बाबा, मी कंपनीचा नाही. अँथ्रोपॉस म्हणजे माणूस, ग्रीक लोकांचा जुना शब्द. त्यावरून अँथ्रोपॉलॉजी, म्हणजे माणसाचं शास्त्र. आणि ही मापं घेणं म्हणजे अँथ्रोपोमेट्री. आलं लक्षात?"

मुंजाबानं मान हलवली. त्यातलं एवढंच त्याच्या लक्षात आलं, की काम नाही. सकाळपासून उन्हात उभं राहिलेले पाय एकाएकी दुखायला लागले.

"आन् मापं घेऊन करता काय?"

"लिहून ठेवतो."

मुंजाबा खाली टेकला. रागवायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

"बाजारात मेंढरू बघणारा बी दात बघतो, कंबर चाचपतो. पर मंग घेतो, नायतर नको म्हणून जातो." त्यानं काकासाहेबाकडं वर पाहिलं. "तुमी नुसतं नको तरी म्हना, सायेब. पोरगं लई आस लावून बसलंय."

काकासाहेबानं खाली ठेवलेला चिमटा उचलून पुसायला घेतला.

भिकन अजून डोकं पुढं करूनच उभा होता.