खुर्शीदबीचं बहिरेपण

आष्टीच्या स्थळाचं सांगायला मुनाफ अम्माजवळ बसला आणि सवयीनं मोठ्यानं बोलला. खुर्शीदबीला कमी ऐकू येतं, हे अख्ख्या तीर्थपुरीला ठाऊक. त्यामुळे आत भाकरी थापत बसलेल्या तरन्नुमला, त्याच्या बायकोला, वेगळं सांगायची गरज उरली नाही.

"आठ साल झाले अम्मा, घरात लेकरू न्हाई. दुसरी केली तर गुन्हा न्हाई. कुराणात इजाजत हाय."

"इन्साफ जमला तर," मोसंबी सोलत अम्मा म्हणाली. "आन् तो जमणार न्हाई, असं बी त्यातच हाय."

"ते दिलाचं. दिल कुणाला बराबर वाटता येतं? ते माफ हाय. इन्साफ म्हंजे खर्चा, कपडालत्ता. मी मौलानांना विचारून आल्तो."

"बडी आपा बी तीच आयत वाचायची. तुला तिथं माफी दिसली, तिला मनाई दिसायची."

बडी आपा म्हणजे खुर्शीदबीची सवत. जाऊन कैक वर्षं झाली. दोघींचा नवरा मेहताबखाँ बागवान माणूस. दोन चुलींना गोश्तसुद्धा तराजूत तोलून द्यायचा. मोसंबी एक जास्त निघाली तर मधोमध कापायचा. त्याच्या त्या तराजूची थट्टा करत दोघी सवती एका ताटात जेवायच्या. काय दिवस होते ते! फक्त संध्याकाळी बाजारातून आला की दारातून हाक यायची, "खुर्शीद!" रोज तीच. खोटं कशाला बोला, ती ऐकून हिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. पण पलीकडे आपाच्या चुलीजवळची भाकरीची थाप मात्र तेवढ्यापुरती थांबायची.

"तराजूत हाक तोलता येती का रे?" तिनं विचारलं.

मुनाफला वाटलं, अम्माला नीट ऐकू गेलं नाही. तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "अम्मा, मी काय बोलून राह्यलो, समजलं का?"

"वरडू नको. मला सगळं ऐकू येतं. कधीच कमी आलं न्हाई."

मुनाफनं तिच्या कानाकडे पाहिलं.

"तुझ्या अब्बांनी हाक मारली की मी ऐकलंच न्हाई असं करायची. मंग आपा पाण्याचा तांब्या घेऊन उठायची. दारात जाईपर्यंत तिचं तोंड असं फुलायचं! तेवढ्यासाठी जलमभर बहिरी झाले."

"म्हंजे आत्ता बी..." मुनाफचा आवाज एकदम खाली आला.

अम्मानं अर्धी मोसंबी त्याच्या हातावर ठेवली आणि आतल्या दाराकडे पाहिलं.

"आत्ता बी. मला तर थांबलेली थाप बी ऐकू येती. तुला?"