वल्ह्याला लावलेला कान

"मशीन बंद करा रे!" अंबाजी ओरडला. इंजिनाची धडधड थांबली आणि होडीत कुणी कुणाकडे बघेना.

थळच्या मच्छीमार सोसायटीची ही पहिली इंजिनाची होडी. शिडाच्या होडीला सात माणसं लागायची, हिला चार पुरे. डिझेल आणि कर्जाचा हप्ता जाऊन पाचव्याच्या पोटाला काही उरतच नव्हतं. अंबाजी सोसायटीचा चेअरमन. दोघांना त्यानं आधीच नारळ दिला होता. आता आणखी एकाला घरी बसवायचं होतं, तुळशीरामला नाहीतर बाळाजीमामाला. तुळशीरामच्या घरात चार कच्चीबच्ची. आणि मामानं तर पोरक्या अंबाजीला खांद्यावर घेऊन लहानाचा मोठा केलेला. कसं सांगायचं त्याला, की उद्यापासून येऊ नकोस?

मामाचं काम डोळ्यांचं नव्हे, कानाचं. वल्हं पाण्यात उभं सोडायचं, दांड्याला कान लावायचा आणि खाली घोळ मासा कुठे घुमतोय ते सांगायचं. मामानं बोट दाखवावं आणि तिथं जाळं पडावं, हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक. पण या धडधडीत कोण काय ऐकणार? शेवटी अंबाजीनंच सोसायटीच्या पंचांकडून एक परीक्षा कबूल करून घेतली होती. मशीन थांबवून मामाला ऐकू द्यायचं. ऐकू आलं तर मामा राहील, तुळशीराम जाईल.

खरं सांगायचं तर अंबाजीला मामाच जिंकायला हवा होता.

मामानं वल्हं सोडलं, डोळे मिटून कान लावला. बराच वेळ लावला. मग डोळे उघडून होडीच्या पुढच्या टोकाकडे, नाळीकडे पाहिलं. तिथं तुळशीराम गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"काय न्हाय," मामा म्हणाला.

"नीट ऐक ना मामा. घाई न्हाय."

"अरे अंब्या, न्हाय म्हंजे न्हाय! कान गेले माझे. म्हातारपण काय तुझ्या सोसायटीला इचारून येतं काय?" मामा स्वतःच हसला. "ए तुळश्या, तोंड वर कर. कुणी मेलं न्हाय हितं."

तुळशीरामनं तोंड वर केलं. त्याचे डोळे भरून आले होते.

अंबाजीला मामाचा राग आला आणि रडूही आलं. काहीतरी करायचं म्हणून तो वल्हं वर ओढायला वाकला. लहानपणी मामानंच लावलेली सवय, कान आपोआप दांड्याला टेकला.

खाली घोळ घुमत होता. एकदोन नव्हे, अख्खा थवा. लहान पोरालासुद्धा ऐकू आलं असतं, इतकं स्पष्ट.

"मामा..." अंबाजीनं मान वर केली.

मामानं त्याचं मनगट धरलं, करकचून. "गप," तो हळूच म्हणाला. "जाळं टाकायला सांग. माझं नाव न्हाय घ्यायचं."

अंबाजी नाळीकडे वळला. "तुळशीराम, जाळं सोड."

"हितंच? कशावरनं?"

अंबाजीनं वल्हं वर ओढून घेतलं. उत्तर मामानं दिलं.

"चेअरमन सांगतायत न्हवं? मग सोड की."